'अ' वर्गाची पाटी

आमच्या पतसंस्थेच्या दारावर रंगवलंय : 'सतत ऑडिट वर्ग अ'. पंधरा वर्षं त्या दारानं जा-ये केली. हा 'अ' काय बघून देतात, ते यंदा विचारलं. कर्जदारांची नावं लिहायची नाहीत, या अटीवर ३१ मार्चच्या संध्याकाळी आत बसू दिलं.

रोकड मोजून झाली वीस मिनिटांत. खरं काम सोनेतारणाचं. तिजोरीत ४१२ पाकिटं, उघडायची २५.

मॅनेजर ट्रे घेऊनच आले. "मॅडम, पंचवीस काढून ठेवलीत." सीएंकडची आर्टिकल, म्हणजे शिकाऊ मुलगी, मॅनेजरांच्या मुलीच्या वयाची. "नको काका, नंबर मी सांगते." ट्रे परत गेला. माझ्या मते सगळं ऑडिट त्या 'नको'त आहे.

तिनं रजिस्टर उघडलं. मोठी कर्जं, एकाच घरातली चार, मार्चअखेरीला नवं-जुनं केलेली. उरलेली पाच डोळे मिटून. सोनार लाखेचं सील फोडी, दागिना काट्यावर ठेवी, कसोटीवर घाशी. काळ्या मण्यांचं वजन वजा केलंय का ते बघून ती हिरव्या पेनानं टिक करी. तपासलेलं पाकीट पुन्हा बंद होताना वितळत्या लाखेचा वास. तो अजून नाकात आहे.

अठराव्या पाकिटात बारीकसं मंगळसूत्र होतं, वाटीत हळद धरलेली. सोनार पुसायला गेला. "राहू द्या. आलं तसंच परत जाऊ दे."

"आणि बाकीची ३८७?" मी विचारलं.

"ती बरोबर असावीत, असं म्हणायला या पंचवीसांचा आधार. तेवढाच."

१८९६ साली इंग्लंडात किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात न्यायाधीश म्हणाले होते की ऑडिटर हा राखणीचा कुत्रा, माग काढणारा नव्हे. तिथं मॅनेजरनं फुगवलेला साठा ऑडिटरांनी त्याच्याच दाखल्यावर मान्य केला, आणि ते सुटले. मला हा न्याय फार मवाळ वाटतो. सत्यम कंपनीच्या घोटाळ्यात ७ जानेवारी २००९ला कबुली आली, तेव्हा ताळेबंदातली ५,०४० कोटींची शिल्लक नव्हतीच. म्हणून असेल, मॅनेजरांनी बँकेचा शिलकेचा दाखला पुढे केला तरी या मुलीनं बँकेला वेगळी मेल टाकली. मॅनेजरांचा चेहरा पडला. भल्या माणसाला ते लागतंच.

साडेनऊ वाजले. मॅनेजर किल्ल्या हातात घेऊन उभे. ती मात्र न उघडलेली पाकिटं मोजत होती, एकेकाचं सील बघत. तीनशे पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्याऐंशी.