माटुंग्यात नाही, पण कच्छमध्ये आहे!

मुंबईतल्या माटुंग्याच्या फुटपाथखाली खोल खणलं तर लागतो बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात सागरी सरीसृपांचे जीवाश्म कुठून मिळणार? शेजारच्या वरळीत सापडले तेही गोड्या पाण्यातले बेडूक नि कासव.

कच्छमध्ये मात्र लोडाई गावाजवळ सुमारे साडेपाच मीटरचा इक्थिओसॉर हा सागरी सरीसृप सापडला; 2017 मध्ये तो जगासमोर आला. 15 कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. या इक्थिओसॉरचे दात झिजलेले, बहुधा खाणं टणक कवचाच्या प्राण्यांचं म्हणून!

मग असे प्राणी समुद्राच्या पातळीमुळे संपले का? समुद्र चढला की उथळ पाणी पसरतं, शिकाऱ्यांचं फावतं. गंमत म्हणजे इक्थिओसॉर संपले ते सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी खूप उंच असतानाच. तेव्हा समुद्रात प्राणवायूची टंचाई होती.

मोसासॉर हे दुसरे सागरी सरीसृप 6.6 कोटी वर्षांपूर्वी अशनिपाताच्या सुमारास गेले. सगळं खापर समुद्राच्या पातळीवर फोडू नका.