अंडं अडतं तेव्हा

सकाळचे अकरा वाजून गेलेले असतात. बाकीच्या कोंबड्या अंडी घालून केव्हाच उकिरडा उकरायला गेलेल्या असतात आणि एक तलंग तेवढी भिंतीच्या कडेला उभी असते. शेपटी खाली पडलेली, पिसं फुललेली, पाय फाकलेले. मधूनच ती जोर करते, डालग्यात जाऊन बसते, पुन्हा उठते. दाणे टाकले तरी चोच लावत नाही. घरातली बाई तिला उचलून पोट चाचपते आणि म्हणते, ‘अंडं अडलंय हिचं.’ नांदेड जिल्ह्यातल्या, केळी आणि हळदीच्या अर्धापूर परिसरात परसदारी पाच-दहा कोंबड्या बाळगणाऱ्या घरांवर ही वेळ कधी ना कधी येतेच.

2019च्या पशुगणनेनुसार देशात परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या जवळपास 32 कोटी होती. आधीच्या, म्हणजे 2012च्या गणनेपेक्षा ती सुमारे 46 टक्क्यांनी वाढली होती. या कोंबड्यांच्या अंड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात येतो आणि तिथूनच मीठमिरची, वह्या-पेन्सिली निघतात. त्यामुळे एक कोंबडी गेली तरी घराला ते जाणवतं. शिवाय अंडं अडलेल्या कोंबडीचे हाल बघवत नाहीत. वेळेवर मदत मिळाली तर त्यातल्या बऱ्याच कोंबड्या वाचतात, म्हणून नेमकं काय घडतं ते समजून घ्यायला हवं.

कोंबडीच्या शरीरात एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात. बीजांडकोशातून सुटलेला बलक अंडनलिकेत उतरतो. साधारण तीन तासांत त्याच्याभोवती पांढरं जमतं, तासाभरात पातळ पापुद्रे चढतात आणि मग उरलेले अठरा-वीस तास जातात ते टरफल बनण्यात. हे काम मुख्यतः रात्री चालतं. एका टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. रात्री कोंबडी काही खात नाही. तेव्हा पोटात उरलेल्या खाद्यातून जेवढं मिळेल तेवढं घेतलं जातं आणि बाकीचं ती स्वतःच्या हाडांतून काढते.

अडचण सुरू होते ती इथे. कॅल्शियम फक्त टरफलाला लागत नाही, अंडं पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही लागतं. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की स्नायूंचा जोर संपतो. टरफलही मऊ, खरबरीत किंवा वेडंवाकडं होतं आणि असं अंडं सहज सरकत नाही. कॅल्शियम शरीरात मुरण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातून मिळतं, म्हणून कायम अंधाऱ्या खोपटात कोंडलेल्या कोंबड्यांना हा धोका अधिक. अंगावर चरबी चढलेली कोंबडी, उतारवयातली कोंबडी, दोन बलकांचं मोठं अंडं, अंडनलिकेची सूज ही इतर कारणं. पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या तलंगीचा मार्ग अजून पुरता सैल झालेला नसतो, त्यामुळे तिच्याकडे विशेष लक्ष हवं.

मराठवाड्यात कोंबडीपुढे पडते ती मुख्यतः ज्वारी, मका आणि तांदळाची कणी. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम 25 ते 30 मिलिग्रॅम. रानोमाळ फिरून किडे, पाला आणि चुन्याचे खडे टिपणारी, वर्षाला साठ-सत्तर अंडी देणारी गावरान कोंबडी त्यावर निभावून नेते. पण हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली ग्रामप्रिया चांगल्या निगराणीत वर्षाला दोनशेच्या वर अंडी देते. तिला गावरानाच्या हिशेबाने नुसत्या ज्वारीवर ठेवलं तर ती काही काळ अंडी देत राहते आणि हाडं पोकळ करून घेते.

पाण्यात चुन्याची निवळी घालण्याची पद्धत जुनी आहे. त्यामागची समज बरोबर असली तरी प्रमाण अपुरं पडतं. एक लिटर निवळीत विरघळलेलं कॅल्शियम एक ग्रॅमसुद्धा भरत नाही आणि कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. त्यापेक्षा शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवणं कितीतरी चांगलं. पाच ग्रॅम चुऱ्यातून सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम मिळतं. जाडसर तुकडे पोटातल्या, दाणे दळणाऱ्या दगडीत रात्रभर हळूहळू झिजतात, म्हणून संध्याकाळी हा चुरा समोर असायलाच हवा. भाजून कुटलेली अंड्यांची टरफलंही चालतात. अंड्यावर न आलेल्या पिल्लांना मात्र जादा कॅल्शियमचं खाद्य देऊ नये. त्यांच्या मूत्रपिंडांना ते सोसत नाही.

उन्हाळा हे आणखी एक कारण. नांदेडचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. या धापांमुळे रक्तातला कार्बन डाय ऑक्साइड घटतो आणि टरफलासाठी लागणारा कार्बोनेट कमी पडतो. खाणंही उतरतं. दाट सावली आणि दिवसातून दोन-तीनदा बदललेलं गार पाणी हा यावरचा साधा उपाय.

अंडं अडलंच, तर आधी कोंबडीला कळपातून बाजूला घ्यावं. पाटीत कोमट पाणी घ्यावं, कोपर बुडवून सहज सोसेल इतपत. पोट आणि मागचा भाग बुडेल असं तिला पंधरा-वीस मिनिटं धरून बसवावं. उबेने स्नायू सैल पडतात. मग अंग कोरडं करून, गुदद्वाराच्या कडेला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून तिला शांत, अंधाऱ्या, उबदार जागी डालग्याखाली ठेवावं आणि पाणी जवळ ठेवावं. काही तासांनी हेच पुन्हा करता येतं. भर उन्हाळ्यात ती धापा टाकत असेल, तर मात्र पहिल्यांदा सावली आणि पाणी.

काही गोष्टी टाळायलाच हव्यात. पोट दाबून अंडं काढू नये. आतल्या आत ते फोडू नये. टरफलाच्या धारेने नलिका फाटते आणि पोटात जंतुसंसर्ग होतो. चोचीतून तेल पाजण्याचाही उपयोग नाही, कारण अन्नमार्ग आणि अंडनलिका वेगवेगळ्या आहेत. त्या एकत्र येतात त्या अगदी शेवटी, गुदद्वारापाशी. पाजलेलं तेल श्वासनलिकेत गेलं तर कोंबडी दगावू शकते.

दिवसभरात अंडं सुटलं नाही, किंवा कोंबडी मलूल होऊन बसली, तर वाट पाहू नये. अडलेल्या अंड्याच्या दाबाने विष्ठाही तुंबते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पशुवैद्य कॅल्शियमचं इंजेक्शन आणि गरजेनुसार स्नायू आकुंचन पावण्याचं औषध देतात. ते औषध घरी आणून टोचू नये. गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याखेरीज फिरत्या पथकासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. गुंतागुंतीच्या आजारांसाठी उदगीर आणि परभणी इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत.

कधी अंड्यामागोमाग लालसर मांस बाहेर येऊन तसंच राहतं. अंडं पडताना नलिकेचं टोक नेहमीच क्षणभर बाहेर उलटतं, त्यामुळे अंडं विष्ठेला न लागता येतं. ते परत आत गेलं नाही, तर लाल रंग पाहून बाकीच्या कोंबड्या टोचतात आणि तिला मारूनही टाकतात. अशा वेळी तिला ताबडतोब वेगळं करावं, भाग स्वच्छ कोमट पाण्याने धुवावा, ओला ठेवावा आणि पशुवैद्याला दाखवावं.

दिवसभर बसून राहणारी प्रत्येक कोंबडी अडलेली नसते. खुडूक कोंबडीही उठत नाही, पण हात नेला की ती अंग फुगवून गुरगुरते, टोचते. आणि एकाच वेळी अनेक कोंबड्या मलूल झाल्या, पटापट मरू लागल्या, तर तो वेगळाच धोका. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या. जानेवारी 2025 मध्ये उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांतही हाच रोग सापडला. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावं.

एकदा अंडं अडलेल्या कोंबडीचं अंडं पुन्हा अडू शकतं. ती सावरल्यानंतर खुडूक झाली, तर तिला उठवण्याची घाई करू नये. दुसऱ्या कोंबड्यांची अंडी देऊन रवणीला बसवावं आणि रोज एकदा उठवून खायला-प्यायला घालावं. अंडी उबवण्याचे 21 दिवस आणि पुढे पिल्लं सांभाळण्याचे काही आठवडे ती अंडी देत नाही. तेवढ्या काळात हाडांची झीज भरून निघायला वेळ मिळतो आणि ती पुन्हा अंड्यावर येण्याच्या सुमारास शिंपल्याचं भांडं तिच्यासमोर ठेवता येतं.