नाव एक, नंबर दुसरा

तुमच्या घरातले नाही तर भावकीतले कोणी ना कोणी मुंबईत नोकरीला असतेच. सुगी आटोपली की चार दिवस त्यांच्याकडे जाणे होते. पत्त्याचा कागद खिशात असतो आणि त्यावर लिहिलेले असते, 'लाल बहादूर शास्त्री मार्ग, घाटकोपर पश्चिम'. स्टेशनबाहेर एखाद्या जुन्या माणसाला हा पत्ता विचारावा, तर तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे आग्रा रोड! तसं सांगा ना."

तिकडे अंधेरी-बोरिवलीकडेही तीच गंमत. कागदावर स्वामी विवेकानंद मार्ग, पण जुन्या लोकांच्या तोंडी घोडबंदर रोड. यात त्यांचे काही चुकत नाही. रस्ता जिकडे जातो तिकडचे नाव त्याला द्यायचे, ही आपली जुनी चाल आहे. आपल्या गावात नाही का बाजाराची वाट, नदीची वाट, मळ्याची वाट? तसाच कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंडवरून ठाण्याकडे निघालेला आणि पुढे नाशिक, धुळे, इंदूर करीत आग्र्याला पोचणारा तो आग्रा रोड. वांद्र्याहून अंधेरी, बोरिवली करीत खाडीकाठच्या घोडबंदरला जाणारा तो घोडबंदर रोड. पुढे थोरामोठ्यांची नावे आली. 1965 साली 'जय जवान, जय किसान' म्हणणाऱ्या शास्त्रीजींचे नाव नाशिककडचा शेतमाल मुंबईत आणणाऱ्या वाटेला मिळाले, हे मला तरी शोभणारे वाटते. पण नव्या नावाने रस्ता कुठे जातो ते कळत नाही, एवढे खरे. शिवाय हा रस्ता भलताच लांब आहे. पत्त्यात स्टेशनचे नाव नसेल तर घाटकोपरचा पाहुणा मुलुंडला उतरायचा!

हे दोन्ही जुने रस्ते वस्तीतून जाणारे. गर्दी वाढली तसे त्यांना समांतर दोन रुंद रस्ते काढले गेले. शीवहून मुलुंड-ठाण्याकडे जातो तो पूर्व द्रुतगती मार्ग आणि वांद्र्याकडून दहिसरला जातो तो पश्चिम द्रुतगती मार्ग. इथे एक खोच लक्षात ठेवा, मुंबईला जाल तेव्हा उपयोगी पडेल. पश्चिम द्रुतगती मार्ग अंधेरी किंवा बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला नाही, पूर्वेला आहे. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतला म्हणून तो 'पश्चिम'. स्टेशनच्या पश्चिमेला विवेकानंद मार्ग लागतो. घाटकोपर-मुलुंडला मात्र नाव आणि दिशा जुळतात. पूर्वेला पूर्व द्रुतगती मार्ग, पश्चिमेला शास्त्री मार्ग. नाक्यावर 'हायवे' एवढाच शब्द ऐकून चालू लागलात तर पाय दुखेपर्यंत हिंडावे लागेल.

हे झाले नावाचे. पाहुणा अर्धा तास चुकला तर फार बिघडत नाही. नंबराचे तसे नाही. त्यात जमिनीचा प्रश्न येतो.

1943 साली नागपूरला देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली होती. रस्त्यांची प्रतवारी तिथे ठरली. सगळ्यांत वर राष्ट्रीय महामार्ग, त्याखाली प्रांतांचे मार्ग, मग जिल्ह्याचे आणि शेवटी गावाचे. पुढे 1956 साली राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला. आग्र्याहून मुंबईला येणाऱ्या महामार्गाचा नंबर होता 3, दिल्लीहून जयपूर, अहमदाबादवरून येणाऱ्याचा 8, आणि ठाण्याहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूरवरून मद्रासला जाणाऱ्याचा 4. ट्रकवाल्यांच्या तीन पिढ्यांना हे आकडे तोंडपाठ होते.

2010 साली केंद्र सरकारने देशभरचे आकडे बदलले. नवी रीत समजायला अवघड नाही. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या महामार्गांना सम आकडे दिले आणि ते देशाच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत नेले. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे दिले, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात. आपल्याकडे पाहा. नागपूर, हिंगणघाटवरून दक्षिणेत उतरणारा 44 आणि कोकणातला पनवेल-गोव्याचा 66. धुळे, जळगाव, अकोला, नागपूर हा 53, तर पुणे, सोलापूर, हैदराबाद हा 65. तीन आकडी नंबर म्हणजे मोठ्या महामार्गाची फांदी आणि शेवटचे दोन आकडे त्या मोठ्या मार्गाचे. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे चढणारा 166 हा 66 ची फांदी. बापाच्या नावावरून पोराला ओळखावे तसेच हे.

या बदलात मुंबईला येणाऱ्या रस्त्यांचे जे झाले ते मात्र मजेशीर आहे. जुना 8 आणि जुना 4 हे दोन भाऊ एक केले आणि दिल्लीपासून चेन्नईपर्यंत सगळ्याला 48 हा एकच नंबर मिळाला. म्हणजे पालघरचा चिकू बागायतदार आणि कोल्हापूरचा ऊसवाला आता एकाच नंबराच्या रस्त्यावर आले. उलट एकसंध असलेल्या आग्रा रोडच्या वाटण्या झाल्या. आग्रा ते ग्वाल्हेर 44 मध्ये गेला, पुढचा 46 मध्ये, इंदूर ते धुळे 52 मध्ये, धुळे ते नाशिक 60 मध्ये, आणि नाशिक-ठाण्याच्या वाट्याला तीन आकडी नंबर आला. लोक मात्र अजून 'मुंबई-आग्रा हायवे' असेच म्हणतात. म्हणणारच.

जुने आकडे गेले कुठे? 3 नंबर आता पंजाबात अटारीहून मनालीवरून लेहला जातो. 8 नंबर आसाम-त्रिपुरात आहे आणि 4 नंबर तर समुद्र ओलांडून अंदमानात गेला! हे ऐकून हसू येते. पण पुणे-नाशिक रस्त्याचे ऐका. त्याचा जुना नंबर 50. आता तो 60 झाला आहे, आणि 50 हा आकडा मिळाला नांदेडहून कंधार, उदगीरवरून बिदरकडे जाणाऱ्या रस्त्याला. दोन्ही रस्ते आपल्याच महाराष्ट्रातले. जुन्या कागदावर 50 आणि नव्या कागदावरही 50, पण मधले अंतर शेकडो किलोमीटरचे.

समजा, संगमनेर किंवा मंचर भागातल्या एका घरात मोठ्या भावाच्या मनात अजून 'पन्नास नंबरचा रस्ता' बसलेला आहे. वर्तमानपत्रात बारीक अक्षरात जाहीर सूचना येते, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 60, किलोमीटर अमुक ते अमुक, रुंदीकरणासाठी जमीन. तो म्हणतो, हा कुठला तरी दुसरा रस्ता असेल, आणि त्या वर्तमानपत्रात भाकरी बांधून शेतावर जातो. आता कायदा काय म्हणतो ते पाहा. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची असेल तर राजपत्रात अधिसूचना निघते. तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यांतले एक आपल्या भाषेतले असावे लागते. राजपत्रात ती प्रसिद्ध झाल्या दिवसापासून 21 दिवसांत, जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्याला लेखी हरकत घेता येते. हरकत घेतली की सुनावणी मिळते. स्वतः जावे किंवा वकील द्यावा.

हे 21 दिवस तुम्हाला कळल्या दिवसापासून नाहीत आणि तलाठ्याने सांगितल्यापासूनही नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. पुढची घोषणा राजपत्रात निघाली की जमीन सरकारची होते. मग प्रश्न उरतो तो मोबदल्याचा. तो सक्षम अधिकारी ठरवतो, आणि तो मान्य नसेल तर लवादाकडे जाता येते. पण विहीर वाचवायला रस्ता चार हात पलीकडे सरकवा, असे म्हणण्याची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून सूचना वाचताना महामार्गाच्या नंबरावर डोळा ठेवून पान उलटू नका. आधी गावाचे नाव शोधा, मग गट नंबर, मग क्षेत्र, आणि हे सगळे सातबाऱ्याशी ताडून पाहा. घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर हे काम तिच्याकडे सोपवा. म्हाताऱ्या डोळ्यांपेक्षा तिला ती बारीक अक्षरे लवकर लागतील.

राज्याच्या रस्त्यांचे खाते निराळे आहे. त्यांना महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, 1955 लागतो. प्रतीही निरनिराळ्या: प्रमुख राज्यमार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. पहिले तीन सार्वजनिक बांधकाम विभागाचे, शेवटचे दोन जिल्हा परिषदेचे. खड्ड्यांची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला 'हा रस्ता आमच्याकडे नाही' हे उत्तर का मिळते, ते आता कळले असेल. कधी ते उत्तर खरे असते, कधी टोलवाटोलवी असते. रस्त्याचा वर्ग माहीत असला तर कोणते ते तुम्हाला ओळखता येते. गावाने मागणी करून रस्त्याची 'दर्जोन्नती' झाली असेल तर त्याचा नंबर आणि मालक दोन्ही बदललेले असतात, हेही विसरू नका.

रस्त्याची जात कडेच्या दगडावरूनही कळते. माथा पिवळा तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तर राज्यमार्ग, काळा असेल तर सहसा जिल्ह्याचा, नारिंगी असेल तर गावाचा. दगडाला कोणी वेगळा रंग फासला असेल तर बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात किंवा पंचायत समितीत विचारावे. तिथे तालुक्याचा रस्त्यांचा नकाशा असतो.

आणि पुढच्या वेळी अर्ज कराल तेव्हा 'आमच्या गावचा रस्ता खराब झाला आहे' एवढेच लिहू नका. कुठून कुठे जाणारा रस्ता, त्याचा वर्ग, नंबर, कितव्या किलोमीटरला, कोणत्या ओढ्याजवळ, हे सगळे लिहा. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.