भोर घाटांतील ‘खेकडा’ एंजिनें

कार्ले येथील चैत्यगृहाच्या शिलालेखांत एक लेख धेनुकाकट येथील सामि नांवाच्या सुताराचा आहे. द्वाराचें काम आपण केलें, एवढेंच तो सांगतो. श्रेष्ठींच्या दानलेखांहून आम्हांस हा लेख अधिक मोलाचा वाटतो. त्याच डोंगराखालून, मळवली स्थानकावरून जाणारा लोहमार्ग पुढें लोणावळ्याहून भोर घाटांत उतरतो. त्या घाटांत राबलेल्या एंजिनांचा वृत्तांत येथें देण्याचें योजिलें आहे. कारण तीहि कारागिरीच होय.

घाटाचा मार्ग 1863 मध्यें खुला झाला. सुमारें 16 मैलांत 1,831 फूट चढण, 25 बोगदे, आणि कोठें कोठें दर 37 फुटांस 1 फूट चढ. खंडाळ्याजवळ तर गाडीस तोंड फिरवूनच पुढें जावें लागे. वाफेच्या एंजिनास चढावर जोर अधिक लावावा तों धूर अधिक, आणि तो बोगद्यांत कोंडे. 1929 मध्यें कल्याण ते पुणें मार्गाचें विद्युतीकरण झालें व नव्या आखणीमुळें तोंड फिरविण्याचें तें स्थानकहि रद्द झालें.

मालगाड्यांसाठीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें एकंदर 41 एंजिनें घेतलीं. पहिलीं 10 स्वित्झर्लंडांतील विंटरथूर येथें व उरलेलीं 31 इंग्लंडांतील व्हल्कन फाउंड्रींत बांधलीं गेलीं. विजेचें साहित्य मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचें. शक्ति 2,600 अश्वशक्ति, दाब 1,500 व्होल्ट. यांची घडण मात्र लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. घाटांत वळणें तीव्र; सरळ, लांब सांगाड्याचें एंजिन तेथें अडखळावयाचें. म्हणून मधें एक उंच खोली व दोन्ही टोकांस ठेंगणीं नाकें अशी त्रिखंड योजना केली. नाकें चाकांच्या गाड्यावर बसविलेलीं असल्यानें वळणावर तीं गाड्याबरोबर वळत. प्रत्येक गाड्यावर दोन मोटरी, आणि त्यांची शक्ति बाजूच्या दांड्यांनीं तिन्ही आंसांस एकत्र पोंचे. त्यामुळें एखादेंच चाक घसरून फिरूं लागण्याचा संभव कमी होई. आल्प्समधील गोटहार्ड मार्गावरील याच घडणीच्या एंजिनांस तिकडील लोकांनीं मगर म्हटलें. आमच्या चालकांस ओढ्यांतील खेकडा आठवला! उभें असतां हें एंजिन कण्हल्यासारखा आवाज करी, आणि धावतांना दांड्यांचा सळसळाट ऐकूं येई.

उतारावरील युक्ति तर आम्हांस चढावरील बळाहून श्रेष्ठ वाटते. गाडी उतरूं लागली कीं मोटरी उलट वीज निर्माण करीत व ती तारेंत परत जाई. तीच वीज चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडे, आणि उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकांची झीजहि वांचे.

स्वातंत्र्योत्तर काळांत यांस डब्ल्यूसीजी-1 हें नांव मिळालें, मूळचें ईएफ-1. 1970 पासून चित्तरंजन येथें बांधलेलीं 57 डब्ल्यूसीजी-2 एंजिनें आलीं व हळूहळू खेकड्यांचें घाटांतील काम सुटलें. अखेरच्या काळीं मुंबईकडे डबे इकडून तिकडे हालविण्याचें हलकें काम त्यांच्याकडे होतें. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तींहि निवृत्त झालीं. ज्या एकदिश प्रवाहावर तीं चालत, तोहि 2016 पर्यंत मुंबई विभागांतून गेला. गाड्यांस मागून रेटा देणारीं एंजिनें कर्जतहून आजहि जोडावीं लागतात. घाट तोच आहे.

एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत उभा आहे. त्याचें नांव ‘सर लेस्ली विल्सन’. हे 1923 ते 1928 पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. ज्यांनीं तें चालविलें त्यांपैकीं जे हयात आहेत ते वृद्ध झाले आहेत. उतारावर वीज परत पाठवितांना हात कोणत्या क्षणीं फिरवावयाचा, हें त्यांच्या तोंडूनच टिपून घ्यावें लागेल. मावळांतील अभ्यासकांनीं या कामास याच वर्षीं हात घालावा. जुन्या कागदांत शोध घेतांना ‘ईएफ-1’ व ‘डब्ल्यूसीजी-1’ हीं दोन्हीं नांवें पाहावींत. वृद्ध चालकांस विचारतांना मात्र ‘खेकडा’ असेंच विचारावें.