बर्डीवर मन मोजून मिळतं

बीएला मानसशास्त्र घेतलं असं घरी सांगितलं की पहिला प्रश्न मावशीचा. "काऊन वं, आता तू लोकायचं मन वाचते का? सांग बरं, माह्या मनात काय आहे?" दुसरा काकांचा: "म्हणजे पागलखान्यात नोकरी लागते का?" नागपुरात ही चेष्टा उगाच होत नाही. आपल्याकडे पागलखाना चौक नावाचा खरोखरचा चौक आहे. तिथलं सरकारी मनोरुग्णालय १८६४ सालचं. येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी ही त्याची राज्यातली भावंडं. पाटीवर आता 'प्रादेशिक मनोरुग्णालय' लिहिलेलं असतं. ऑटोवाल्याला मात्र चौकाचं जुनंच नाव सांगावं लागतं.

मन वाचायला कोणीच शिकवत नाही, ही या पदवीतली पहिली निराशा. हातात येते एक सरकणारी पट्टी. एका रेघेच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर फाकलेले. दोन्ही सारख्या वाटतील तोवर पट्टी सरकवायची आणि चूक किती झाली ते मिलिमीटरमध्ये लिहायचं. हा म्युलर-लायर भ्रम, १८८९ सालचा. रेघा सारख्या आहेत हे माहीत असूनही डोळा फसतोच. गंमत पुढे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिव्हर्स नावाचा इंग्रज संशोधक असली आकृती घेऊन निलगिरीच्या डोंगरात गेला आणि तिथल्या तोडा लोकांना दाखवली. तोडा इंग्रजांपेक्षा कमी फसले! साहेबाच्या डोळ्यांपेक्षा म्हशी राखणाऱ्यांचे डोळे सरस ठरल्याची नोंद साहेबानेच करून ठेवली आहे.

ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला मराठी पाठ्यपुस्तकं 'प्रयुक्त' म्हणतात. शब्द ऐकून कोणी आपणहून पुढे येत नाही. त्यामुळे धाकटा भाऊ, होस्टेलची रूममेट, फार झालं तर कॅन्टीनमधला ओळखीचा पोट्टा, असे प्रयुक्त चहाच्या बोलीवर मिळवावे लागतात.

हा त्रास हेरमान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने कायमचा मिटवला होता. प्रयोग करणारा तोच आणि प्रयुक्तही तोच. सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार करून त्यांच्या याद्या तो वर्षानुवर्षं पाठ करत बसला, आणि किती विसरलो ते घड्याळ लावून मोजत राहिला. निष्कर्ष प्रत्येक परीक्षार्थीला स्वानुभवाने ठाऊक आहे: पाठ केल्यावर तासाभरात निम्म्याहून जास्त उडालेलं असतं. त्याचं पुस्तक आलं १८८५ साली. त्याच साली आपल्या बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, कडेला मॉरिस कॉलेज सुरू झालं. कॉलेजचं नाव आता वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे. तिथल्या चौकाला लोक अजून 'मॉरिस कॉलेज टी-पॉइंट'च म्हणतात. विस्मरणाचा आलेख या एका नावापुढे सपशेल हरला.

पाठांतरावरून आठवलं. माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात एका वेळी सात, दोन इकडे-तिकडे, एवढेच तुकडे मावतात, असं जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये मांडलं. मोबाइल नंबर तर दहा आकडी. मग बर्डीवरचा दुकानदार तो तोंडपाठ कसा सांगतो? "अठ्ठ्याण्णव, बावीस, सदतीस..." असे दोन-दोन आकडे जोडून. दहाचे पाच झाले, मावले! पण इथे मराठीची एक खोडी आहे. आपण 'तेवीस' म्हणताना आधी तीन म्हणतो, मग वीस. लिहिताना मात्र दोन आधी. पोरांचा यात गोंधळ होतो म्हणून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस तीन' अशी वाचायची पद्धत सुचवली गेली. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. मुद्दा चक्क मानसशास्त्राचा होता, पण गाजला राजकारणात. मुख्यमंत्र्यांना आता 'फडण दोन शून्य' म्हणायचं का, अशी कोटी अजित पवारांनी विधानसभेत केली. पोरांच्या डोक्यात नेमकं काय होतं, ते तपासायची संधी त्या हशात वाहून गेली असं माझं मत.

नागपूरच्या झिरो माइलकडेही जरा मानसशास्त्राच्या चष्म्यातून बघा. चार घोडे, खांब, आणि 'हा भारताचा मध्यबिंदू' हे लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. तिथल्या दगडाचं खरं काम उंची सांगण्याचं आहे. सर्वेक्षण खात्याची १९०७ सालची ती उंचीची खूण असून त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट. मग मध्यबिंदू कसा पक्का झाला? एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते अधिक खरं वाटू लागतं, हे १९७७ मध्ये तीन अमेरिकन संशोधकांनी प्रयोगाने दाखवलं. नागपूरकरांना प्रयोगशाळेत जायचीही गरज पडली नाही.

अफवांच्या अभ्यासात तर भारताचं नाव जगाच्या पुस्तकात आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पाटण्याच्या जमुना प्रसाद यांनी लोकांमध्ये फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या. भूकंपाचे हादरे बसले पण फारसं नुकसान झालं नाही, तिथले लोक 'याहून मोठं संकट येतंय' असं एकमेकांना सांगत होते. घाबरलेल्याला आणखी घाबरवणारी अफवा का हवी असेल? या कोड्याने लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाला पछाडलं. भीती आधीच मनात बसलेली असते, माणूस तिला शोभेल असं कारण शोधतो, असं उत्तर त्याला सुचलं, आणि तिथून पुढे १९५७ चा त्याचा प्रसिद्ध बोधात्मक विसंगतीचा सिद्धान्त उभा राहिला. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'सावधान' ने सुरू होणारा मेसेज आला की मला पाटणा आठवतं.

बुद्ध्यांकाच्या चाचणीतही आपला माणूस आहे. पॅरिसची बिने चाचणी इथल्या पोरांना लावून उपयोग नव्हता. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली, १९४० मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक लिहिलं. 'बिने-कामत' हे जोडनाव शाळकरी मुलांच्या तपासणीत आजही ऐकू येतं. सीमेवरच्या दोन भाषा एका चाचणीत गुण्यागोविंदाने नांदल्या, हेही नोंदवून ठेवावं.

आणि रेडिओवरची 'आकाशवाणी'? म्हैसूर विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं, त्याचं हे नाव. पुढे साऱ्या देशाने उचललं.

शब्दांचं म्हणाल तर या विषयाने मराठीला 'न्यूनगंड' दिला. ही कल्पना मांडणाऱ्या आडलरचं नाव न ऐकलेला माणूसही तो बिनदिक्कत वापरतो, बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल.

आता काकांच्या नोकरीच्या प्रश्नाकडे वळू या. बीए झालं म्हणून दारावर 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' अशी पाटी लावता येत नाही. त्याला पुढचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. गोळ्या लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ. तो आधी एमबीबीएस झालेला असतो, जसे 'घाशीराम कोतवाल'मधले नाना, डॉ. मोहन आगाशे. घरबसल्या हा विषय घ्यायचा बेत असेल तर तोही गुंडाळा, कारण यूजीसीने २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवायला सांगितले आहेत. वर्गात बसावं लागेल, पट्टी सरकवावी लागेल.

तेव्हा कॉलेजातली एखादी पोट्टी स्टॉपवॉच आणि बाणांची पट्टी घेऊन 'काका, वीस मिनिटं द्याल का' म्हणाली तर नाही म्हणू नका. फक्त हुशारी दाखवू नका. रेघ मोठी दिसली तर मोठीच दिसते म्हणा. तिला तुमची चूकच हवी आहे.