बारा प्रश्न, पाच महिने

कॅन्सरवर नवं औषध निघालं की बातमी होते. 2017च्या जूनमध्ये शिकागोला अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत मात्र एका प्रश्नावलीची बातमी झाली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलात केमोथेरपी घेणाऱ्या 766 पेशंटांवर हा प्रयोग झाला होता. सगळ्यांचा कॅन्सर शरीरात पसरलेला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. एका गटाला नेहमीसारखे उपचार. दुसऱ्यालाही तेच उपचार, पण शिवाय एक काम: आपल्याला काय होतंय ते कॉम्प्युटरवर स्वतः नोंदवायचं.

नोंदवायची होती 12 लक्षणं. मळमळ, उलटी, वेदना, थकवा, भूक न लागणं, धाप, बद्धकोष्ठ, हातापायांना मुंग्या वगैरे. प्रत्येकासमोर शून्य ते चार. शून्य म्हणजे त्रास नाही, चार म्हणजे सोसवत नाही. एखादं लक्षण दोन अंकांनी वाढलं किंवा तीनवर गेलं, की नर्सला आपोआप ईमेल जायची. साधारण चारांतल्या तीन वेळा नर्स त्यावर लगेच काहीतरी करत: फोन, उलटीच्या गोळीत बदल, केमोचा डोस कमी-जास्त.

हा प्रयोग करणाऱ्या एथन बॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांचं मध्यक आयुर्मान 26 महिने निघालं, स्वतः नोंदी करणाऱ्यांचं 31.2. पाच महिन्यांहून जास्त! पसरलेल्या कॅन्सरवरच्या कित्येक महागड्या औषधांनाही इतकं जमत नाही. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांनी आधी कधी कॉम्प्युटर हाताळला नव्हता, त्यांना या नोंदींचा फायदा जास्त झाला.

हे घडलं कसं? मळमळ दोनवर असतानाच गोळी बदलली, तर माणूस जेवतो. जेवला तर अंगात ताकद राहते, आणि ताकद असली तर केमो सोसते. नोंदी करणाऱ्यांची केमो सरासरी 8.2 महिने चालू राहिली, बाकीच्यांची 6.3. इमर्जन्सीत धाव घ्यावी लागली ती 41 ऐवजी 34 टक्के लोकांना. म्हणजे पेशंटचा शब्द वेळेवर पोचला आणि उपचार टिकले. प्रत्येक आजारात, प्रत्येक ठिकाणी आयुष्य इतकंच वाढेल असं कुणी समजू नये. पण पुढे अमेरिकेतल्या 52 केंद्रांवर असाच प्रयोग झाला, तेव्हाही पेशंटांचं हिंडणं-फिरणं सुधारलं आणि त्रास आटोक्यात राहिला.

आपल्याकडे ओपीडीत काय होतं? डॉक्टर विचारतात, ‘कसं वाटतंय?’ पेशंट तोंड उघडायच्या आत मुलगा सांगतो, ‘बरं आहे, जेवतात थोडंफार.’ शर्टाचं बटण लावताना बोटं बधिर होतात, हे त्या मुलाला ठाऊकच नसतं. आणि पेशंटला वाटतं, एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा? ही एवढीशी गोष्ट डॉक्टरांना कळायलाच हवी. केमोनं नसांना इजा होत असेल तर डोस बदलावा लागतो, आणि ते जितक्या लवकर कळेल तितकं बरं.

तुमच्या घरात कुणाची केमो चालू असेल, तर एक वही आणा. आठवड्यातून एकदा ही लक्षणं लिहा आणि समोर शून्य ते चारमधला आकडा टाका, तोही पेशंटनं स्वतः सांगितलेला. हात थरथरत असेल तर लिहून तुम्ही द्या, आकडा मात्र त्यांचाच. कुठलाही आकडा एकदम वाढला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता हॉस्पिटलला फोन करा. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी करा. आणि ओपीडीत वही डॉक्टरांपुढे उघडून ठेवा, मग पेशंटला बोलू द्या.