टिंबाने केला घोटाळा

बालदोस्तांनो, आमच्या चौथीच्या वर्गात एक छोटा फळा फक्त वाढदिवसांचा आहे. आज कुणाचा वाढदिवस ते शोधायला मी 'जावा' या संगणकाच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिलाय. तो जन्मतारखेचे तीन तुकडे करतो: दिवस, महिना, वर्ष. मागच्या वर्षी तो झकास चालला. यंदा मात्र जून सरला तरी फळा कोराच! एका मुलीचा वाढदिवस होता. दिवसभर ती फळ्याकडे बघत होती. शाळा सुटताना हळूच म्हणाली, "बाई, माझं नाव?"

त्या रात्री मी प्रोग्रॅम उघडून बसले. एकच तारीख घेतली, १५.०८.२०१५, आणि तुकडे किती झाले ते छापायला सांगितलं. उत्तर आलं ०! तीन तुकडे नसतील तर ती तारीख सोडून दे, असं मीच लिहून ठेवलेलं. म्हणून संगणकाची तक्रारही नाही. (ही चूक माझीच हं!)

मागच्या वर्षी मी तारखा १५-०८-२०१५ अशा लिहिल्या होत्या. यंदा आडव्या रेघेच्या जागी टिंब आलं, आणि तिथेच माशी शिंकली.

तोडायच्या आज्ञेला जावात 'स्प्लिट' म्हणतात. तिला दिलेली खूण ती 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणून वाचते. ही अक्षरांचा नमुना सांगायची सांकेतिक भाषा. तिच्यात टिंब म्हणजे पत्त्यांतला जोकर! कुठल्याही एका चिन्हाच्या जागी चालतो. मग काय, तारखेतली दहाच्या दहा चिन्हं तोडायच्या जागा ठरली. उरले अकरा तुकडे, सगळे रिकामे. आणि शेवटाकडचे रिकामे तुकडे स्प्लिट टाकूनच देते. इथे तर सगळेच रिकामे, सगळेच गेले!

जोकरला साधं टिंब करायचं, तर त्याआधी उलटी तिरकी रेघ द्यायची. पण अवतरणचिन्हांत या रेघेला जावामध्येही खास अर्थ आहे. म्हणून दोन द्यायच्या: "\\." जावा दोन्हींची एक करते आणि ती एक नमुन्यापर्यंत पोचते. मी तसं लिहिलं. तुकडे आले ३.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचं नाव फळ्यावर लागलं, उशिरा का होईना. खडू तिच्याच हातात दिला.

आता तुमच्यासाठी एक गंमत. घरी ताई-दादा जावा शिकत असतील, तर 'सीमा' हा शब्द उभ्या रेघेवर, म्हणजे "|" देऊन, तोडून बघा. शब्दात उभी रेघ नाहीच, तरी तुकडे पडतात चार! का बरं?